दारावरचा एप्रन

त्या एप्रनवर हळद सांडली नसती, तर सासूबाईंचा सांगलीचा फ्लॅट आज दुसऱ्याच कुणाच्या नावावर असता. मी उगीच फुगवून सांगत नाहीये. मंगळवारी सकाळी साडेअकराला हॅम्बुर्गच्या भारतीय वकिलातीत सही करायची वेळ ठरलेली होती, मुखत्यारपत्राचे कागद निळ्या फायलीत घालून गाडीच्या डिकीत ठेवलेले होते, आणि फ्लॅट घेणारा माणूस तिकडे सांगलीत फोनकडे डोळे लावून बसला होता. सासूबाईंची एक सही, की संपलं.

थोडं मागचं सांगते. आम्ही ब्राउनश्वाइगला राहतो, त्याला एकोणीस वर्षं झाली. नवरा गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते, आणि नवऱ्याच्या मते घरी आल्यावरही तेच करते. लेक बर्लिनला शिकायला गेली, तिची खोली रिकामी झाली. त्याच सुमारास सासरे गेले आणि सासूबाई सांगलीच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहिल्या. मग नवऱ्याने एक्सेल उघडलं. त्याला दुःख झालं की तो एक्सेल उघडतो.

त्याची योजना अशी. सांगलीचा फ्लॅट विकायचा. आईने तीन महिने आमच्याकडे राहायचं, तीन महिने ठाण्याला नणंदेकडे, मग पुन्हा तीन महिने आमच्याकडे. व्हिसाच्या नियमात बरोबर बसतं, कुणावर भार नाही, आई कधीच एकटी नाही. आमचे महिने हिरवे, ठाण्याचे पिवळे. ऑगस्टमध्ये सासूबाई आमच्याकडे आल्या, त्यांना त्याने लॅपटॉपवर तो तक्ता दाखवला, तेव्हा त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." झालं! सगळ्यांनी त्याला होकार धरला.

मी मूग गिळून गप्प. का, ते सांगते, आता लपवून काय करायचंय! मला त्यांचं घर विकणं पटत नव्हतं. ज्या बाईने पन्नास वर्षं स्वतःचं स्वयंपाकघर चालवलं, तिची अशी बॅग करून टाकायची? पण त्याच्याच शेजारी, अगदी खेटून, दुसरी गोष्ट मनात बसली होती. वर्षातले सहा महिने सासूबाई आपल्या घरात, हे मला नको होतं. बाई गरीब, कधी एका शब्दाने दुखावलं नाही, तरी नको होतं. मग मी फ्लॅट विकू नका म्हणाले असते, तर त्यातलं किती त्यांच्यासाठी आणि किती माझ्यासाठी? नवऱ्याने विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं आणि दोन महिने आम्ही दोघी एकमेकींना चहा विचारत राहिलो. "आई, चहा टाकू?" "बैस गं तू, मी टाकते." दिवसाला पाच पाच वेळा.

ऑक्टोबरच्या सुट्टीत नवऱ्याने ठरवलं, सही करायला हॅम्बुर्गला जायचंच आहे तर आधी चार दिवस समुद्रावर जाऊ. त्याला इतिहासाचं वेड आहे. आलेल्या पाहुण्याला एखादी पडकी भिंत दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या वेळी त्याने ऱ्युगेन बेटाचा आग्नेय कोपरा काढला. म्योन्शगूट नावाचं एक द्वीपकल्प आहे तिथे, समुद्रात बोटं पसरावीत तसं पसरलेलं. कोणे एके काळी ते ख्रिस्ती मठातल्या साधूंच्या मालकीचं होतं. म्हणून ते नाव, साधूंची मिळकत. शुक्रवारी आम्ही तिथल्या ग्रोस त्सिकर नावाच्या गावात पोचलो. एकच लांब रस्ता, दोन्हीकडे गवताने शाकारलेली घरं, मागे टेकड्यांवर मेंढ्या आणि पुढे खाडीचं पाणी. आमची फेरीनवोनुंग, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने घेतलेलं घर, रस्त्याला लागूनच होतं. घरमालक शेजारीच राहायचे. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त कोळी, एकटे.

शनिवारी नवऱ्याने यादीप्रमाणे फिरवलं. आधी साधूंचा खंदक. द्वीपकल्पाची मान जिथे अरुंद होते, तिथे या बाजूच्या समुद्रापासून त्या बाजूच्या पाण्यापर्यंत खणलेला चर. इथून पुढे आमचं, तिकडचं तुमचं. आता तिथे झाडं आणि पाचोळा. नवरा पाटी वाचून उत्साहाने सांगत होता आणि सासूबाई स्वेटरच्या बाह्यांत हात घालून त्या चराकडे बघत उभ्या होत्या. "साधूंनासुद्धा हद्द लागते म्हणजे," एवढंच त्या म्हणाल्या.

मग समुद्रातला दगड. किनाऱ्यावरून थोडा आत एक अवाढव्य धोंडा पाण्यातून डोकं वर काढून बसलाय. उन्हाळ्यातल्या एका रात्री त्यावर चेटकिणी नाचतात अशी आख्यायिका. आणि पूर्वी नवराबायको लग्नाच्या दिवशी होडीने जाऊन त्या दगडावर नाचायचे म्हणे.

"ओल्या दगडावर? लग्नाच्या दिवशी?" सासूबाई म्हणाल्या. "पाय घसरला म्हणजे कोण निस्तरणार?"

"आई, आख्यायिका आहे ती," नवरा म्हणाला.

"असू दे. पाय तर खरे असतील ना?"

मला हसू फुटलं. नवऱ्याने आमच्याकडे पाठ करून फोटो काढला.

संध्याकाळी त्यांनी पिठलं करायला घेतलं. हळद त्या सांगलीहून डब्यात घेऊनच फिरतात, इथल्या हळदीला त्या रांगोळी म्हणतात. स्वयंपाकघरात खुंटीला एक पांढराशुभ्र एप्रन टांगलेला होता, कडेला विणलेली बारीक लेस. साडीवर डाग नको म्हणून त्यांनी तो बांधला. डब्याचं झाकण अडकलं होतं, त्यांनी झटका दिला आणि अर्धा डबा त्या पांढऱ्या एप्रनवर.

"अगं बाई! दुसऱ्याची वस्तू!" त्या एवढ्या घाबरल्या की मलाच कसंतरी झालं.

रविवारी सकाळी त्यांनी तो धुतला. साबण लागल्याबरोबर डाग लालभडक झाला, हळदीचं ते नेहमीचंच. "राहू दे, आता ऊनच काढेल त्याला," त्या म्हणाल्या. पण मागच्या अंगणात ऊन येत नव्हतं. पुढच्या दारावर मात्र स्वच्छ ऊन होतं आणि चौकटीला एक खिळाही होता. त्यांनी एप्रन तिथे अडकवला, व्यवस्थित पसरून, सगळ्या रस्त्याला दिसेल असा.

मला काळजी वेगळीच. जर्मनीत रविवारी धुणं वाळत घातलं की लोकांच्या भुवया चढतात, आणि हे तर रस्त्यावर! पण सासूबाईंना परत काढा म्हणायला जीभ रेटेना. दुपारपर्यंत पाहिलं, तर सायकलवरून जाणारे एक आजोबा आमच्या दारासमोर थांबले, एप्रनकडे बघितलं आणि हसत पुढे गेले. दोन बायका खिडकीकडे बघून कुजबुजल्या. घरमालक तर तीनदा दारावरून गेले. मी मनात माफीची वाक्यं जुळवायला लागले.

चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात घरमालक. केस पाणी लावून विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा. मी तोंड उघडून माफी मागणार, तेवढ्यात ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे मी फक्त एवढंच विचारायला आलोय, एप्रन चुकून लागलाय की मुद्दाम?"

नवरा माझ्या मागे येऊन उभा राहिला. सासूबाई खुर्चीवरून उठल्या, पदर सारखा केला. आणि मग त्या गृहस्थांनी, गालातल्या गालात हसत, तिथली जुनी रीत सांगितली. म्योन्शगूटमध्ये मुलीला लग्न करायचं असलं की ती आपला एप्रन दाराबाहेर टांगायची. गावातले बिनलग्नाचे पुरुष मग एकेक करून दारावरून जायचे. ती आतून बघायची. नाही आवडला तर एप्रन तिथेच. आवडला तर बाहेर येऊन एप्रन आत घ्यायची, आणि त्याने काय ते समजायचं. "सध्या आमच्यात ही पद्धत राहिलेली नाही," ते म्हणाले, "पण म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. सकाळपासून गावात दुसरा विषय नाही."

नवरा कानापर्यंत लाल.

"काय म्हणतायत गं?" सासूबाईंनी विचारलं.

आता हे मी कसं सांगायचं? सासऱ्यांना जाऊन दीड वर्षसुद्धा झालेलं नाही. "काही नाही आई, एप्रन छान वाळलाय म्हणतायत."

"एवढं लांबलचक बोलले आणि एवढंच? मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?"

मग सांगितलं. खाली बघून, एका दमात. मी वर बघितलं तर सासूबाईंनी पदर तोंडावर धरलेला, खांदे हलतायत. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या! "इश्श! या वयात! आणि तोसुद्धा हळदीच्या डागाचा!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सासरे गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. नवराही मग हसायला लागला, घरमालकही, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

डोळे पुसून त्यांनी मला म्हटलं, "विचार त्यांना, कुठल्याही मुलीला चालायचं का हे?"

मी विचारलं. म्हातारबाबांनी बोट वर केलं. "नाइन! नाही! घर जिच्या नावावर, तिलाच. आमच्याकडे अशीच सांगतात ही गोष्ट. बाकीच्या मुलींनी कोण विचारतंय याची वाट बघायची."

मी मराठीत सांगितलं तशा सासूबाई हसायच्या थांबल्या. त्यांनी दारावरच्या एप्रनकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्यांना सांग, घर माझ्या नावावर आहे, पण एप्रन हळदीसाठी आहे."

हे ऐकून घरमालक खळखळून हसले, कमरेत वाकले आणि मासा टेबलावर ठेवला. सासूबाई मासे खात नाहीत, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. उलट सांगलीहून आणलेल्या भडंगाची पिशवी त्यांच्या हातात दिली. जाताना ते मला म्हणाले, "उद्या आजींना विधवेच्या घरी न्या. दोन मिनिटांवर आहे."

रात्री जेवताना नवऱ्याने मंगळवारचा विषय काढला. सातला निघायला हवं, पासपोर्ट वर ठेव वगैरे. सासूबाई मान हलवत जेवत होत्या. त्यांनी "तुम्ही म्हणाल तसं" म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं. नवऱ्याच्या आलं नाही.

सोमवारी आम्ही ते घर बघायला गेलो. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. छत इतकं खाली उतरलेलं, की ते घर गवताची टोपी कानांवर ओढून बसल्यासारखं दिसतं. आत बुटक्या खोल्या, चूल, खिडकीत चार कुंड्या. नवरा पाटी वाचून सांगायला लागला. पूर्वी गावाचा पाद्री वारला की नवा पाद्री यायचा आणि पाद्र्याचं घर त्याला मिळायचं. जुन्याच्या विधवेचं काय? तर नव्याने तिच्याशी लग्न करायचं, अशी चाल होती. म्हणजे तिच्या डोक्यावर छप्पर राहायचं. इथे मात्र ते जमलं नाही. मग गावाने त्या बाईसाठी हे वेगळं घर बांधून दिलं.

"म्हणजे आधी तिला दोनच वाटा," सासूबाई म्हणाल्या. "नव्याशी लग्न कर, नाहीतर पोरांच्या दारात जा."

"हो, तसंच काहीतरी," नवरा पुढची पाटी वाचत म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. दारापाशी बाकडं होतं, ऊन होतं. सासूबाई बसल्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. नवरा मोबाइलवर दुपारचं कुठे जेवायचं ते बघत होता. त्या म्हणाल्या, "अरे, मला माझं घर विकायचं नाहीये."

त्याने मान वर केली. "काय?"

"सांगलीचं घर. मी सही करणार नाही."

"अगं आई, तूच म्हणालीस ना, तुम्ही म्हणाल तसं!"

"म्हणाले. कारण तू मला विचारलंच नव्हतंस. सांगितलं होतंस."

तो त्यांच्यासमोर उभा होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याने सगळी कारणं सांगितली. जिना, गुडघे, रक्तदाब, रात्री काही झालं तर. त्यांनी सगळी ऐकून घेतली. शेवटी त्याचा आवाज फाटला. "बाबांच्या वेळी मी पोचलो नाही, आई. मी विमानतळावर उभा राहून फोनवर बघितलं सगळं. तुझ्या बाबतीत मला ते पुन्हा नकोय." मी अठ्ठावीस वर्षांत त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं की त्या हिरव्यापिवळ्या चौकोनांखाली हे आहे.

सासूबाईंनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. "ते मला माहितीये रे. पण तुझी भीती जावी म्हणून मी घर सोडायचं का? शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे. रोज सकाळी त्या बेल मारतात. तू रोज फोन कर, दोनदा कर. इथे मी येईन, तीन महिने नाही, एक महिना. पाहुणी म्हणून येईन आणि माझ्या घरी परत जाईन."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तू तरी सांग तिला काहीतरी!"

आली की नाही वेळ! दोन महिने जिला टाळलं ती समोर उभी. वाटलं, आता मी जे बोलेन त्यातून माझ्या मनातली ती दुसरी गोष्ट या दोघांना स्पष्ट दिसणार. तरी बोलले. "मला वाटतं, आईंचं बरोबर आहे. आधीपासून वाटत होतं."

तो उठला आणि चर्चच्या बाजूला चालायला लागला. आम्ही दोघी बाकड्यावर. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते आणि त्या शांतपणे कुंड्यांकडे बघत होत्या. अर्ध्या तासाने तो परत आला. डोळे लाल, पण आवाज ताळ्यावर. "हॅम्बुर्गची वेळ रद्द केली," तो म्हणाला, "सांगलीलाही फोन केला. भुका लागल्यात का?"

माझा जीव भांड्यात पडला. अगदी खणकन पडला. आणि पाठोपाठ लाज वाटली, कारण त्यातला अर्धा जीव माझा स्वतःचाच होता.

मंगळवारी सकाळी किल्ली द्यायला गेलो. डाग पार गेला होता, उन्हाने आपलं काम केलं होतं. सासूबाईंनी एप्रन घडी करून घरमालकांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला आणि परत त्यांच्याच हातात ठेवला. "तुमच्या घरासाठी," ते म्हणाले. मी भाषांतर करायच्या आत सासूबाईंनी तो पर्समध्ये टाकलासुद्धा.

गाडीत मी मागे त्यांच्याशेजारी बसले. नवऱ्याचं नकाशातलं हॅम्बुर्ग काढायचं राहून गेलं होतं. साडेअकरा वाजत आले आणि ती यंत्रातली बाई जर्मनमध्ये सांगायला लागली, उजवीकडे बाहेर पडा, उजवीकडे बाहेर पडा. नवरा सरळ गेला. तिने दोनदा वळून यायला सांगितलं, मग त्याने तिला बंद केलं आणि रेडिओ लावला.

सासूबाई माझ्याकडे कलल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुला वाईट तर नाही ना वाटलं?"

"मला? कशाचं?"

"तुझ्याकडे राहायला मी नको म्हणाले त्याचं. तू एवढं करतेस माझं. दोन महिने मला तीच धास्ती. तुला कसं सांगू, तुला काय वाटेल."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आता खोटं बोलायचं बळ नव्हतं. "अहो आई, मी तर..." पुढचं वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"माहितीये गं," त्या म्हणाल्या आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तुलाही नको होतं. मी तुझ्या जागी असते तर मलाही नको असतं. आणि आपण दोघी बघ, दोन महिने नुसता चहा करून एकमेकींना पाजत बसलो."

मी त्यांचा हात धरला, आणि हॅम्बुर्ग मागे पडून गेलं तरी सोडला नाही.